पागोटं आडवं धरणारा दफअल्ला

उम्म नबग गावात दफअल्लाला ओळखत नाही असा माणूस नव्हता. आणि रमजानात त्या सडकेनं गेला पण दफअल्लाच्या ताटावर जेवला नाही, असा वाटसरूही शोधून सापडला नसता.

आमच्याकडची रीतच तशी आहे. रोजा सुटायची वेळ जवळ आली, की घराघरातले बाप्ये आपापलं ताट डोक्यावर घेऊन सडकेला येतात, ओळीनं चटया अंथरतात आणि मग येणाऱ्या-जाणाऱ्याला जेवायला बसवतात. तिथं विनंती वगैरे भानगड नसते. दोन माणसं सडकेच्या दोन अंगांना उभी राहतात, डोईचं पागोटं सोडतात आणि मध्ये आडवं ताणून धरतात. समोरून मोटार येवो, लॉरी येवो, नाहीतर गाढवावरचा म्हातारा येवो, त्यानं थांबायचं आणि चटईवर बसायचं. फारच घाईत असला तर त्याची किल्ली काढून घ्यायची आणि पोट भरल्यावर परत द्यायची.

या कामात दफअल्लाचा हात धरणारा कुणी नव्हता. तरुणपणी तो लॉरी चालवायचा. ज्वारीची पोती भरून गावोगाव हिंडायचा, तेव्हा वाटेतल्या गावांनी त्याला असंच अडवून अडवून जेवू घातलेलं. त्याचं उट्टं तो आता काढत होता. पागोटंही त्यानं मुद्दाम लांब घेतलेलं, सडकेच्या रुंदीला पुरून वर दोन वेढे उरतील असं. एकदा त्यानं अख्खं वऱ्हाड अडवलं. आधीच उशीर झालेला, नवरा मुलगा रडकुंडीला आलेला. दफअल्लानं सगळ्यांना बसवलं आणि नवऱ्याच्या ताटात दुप्पट वाढलं. वऱ्हाड पोचलं तेव्हा नवरीकडचे लाल डोळे करून वाट बघत होते. वऱ्हाडानं एवढंच सांगितलं, की उम्म नबगावरून आलो. पुढं कुणी काही विचारलं नाही.

जिरजिस म्हणून एक कापडाचा व्यापारी होता, ख्रिस्ती. त्याला अडवल्यावर तो म्हणाला, अहो मला रोजा नाही. दफअल्ला म्हणाला, रोजा नसेल, भूक तर असेल? पुढं दर रमजानात जिरजिस बरोबर सूर्य बुडताना उम्म नबगाला पोचायचा, आणि सुक्या भेंडीच्या कालवणात मीठ कमी पडलं तर यजमानालाच चार शब्द सुनवायचा. एकदा तर दफअल्लानं दवाखान्याची गाडी अडवली. आत रोगी नव्हता म्हणून निभावलं. त्याचा जोडीदार तिजानी, म्हणजे पूर्वी पाटाच्या पाण्याची दारं उघडायचा तो, तेव्हापासून म्हणायचा, "याच्या पागोट्याला डोळे नाहीत." तिजानीला स्वतःलाच दहा हातांपलीकडचं दिसत नव्हतं, पण बोलायला काय जातं.

दफअल्लाची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि लेकरू झालंच नव्हतं. शेजारीच धाकटी विधवा बहीण सित्तना राहायची. तिच्याच चुलीवर त्याची भाकरी व्हायची. सित्तनाला एकच मुलगा, मुअतसिम. गावच्या शाळेत मास्तर, म्हणून सगळे त्याला गुरुजीच म्हणत. दफअल्लानं त्याला लॉरीच्या खिडकीतून जग दाखवून वाढवलेलं. त्याला ठेच लागली तरी कळ मामाच्या पायात यायची.

मग देशात लढाई पेटली. राजधानीत सुरू झाली तेव्हा लोकांना वाटलं, थोरामोठ्यांचं भांडण, तिकडंच मिटेल. थोड्याच दिवसांत सडकेवर माणसांची रीघ लागली. कुणाच्या डोक्यावर बोचकं, कुणाच्या काखेत कोंबडी, कुणाच्या हातात नुसतीच घराची किल्ली. शाळा भरली, मशिदीचं अंगण भरलं. मुअतसिमनं गावच्या लग्न-मयताची मोठी पातेली बाहेर काढली, शाळेमागं तीन दगडांच्या चुली मांडल्या, आणि मसूर शिजायला लागला. एका वर्गात बसून हे सगळं चालायचं, म्हणून गाव त्याला ‘खोली’ म्हणायचं. खोलीत कोण कोण आहे असं विचारलं, तर मुअतसिम म्हणायचा, जो पातेलं घासतो तो. सौदीत, कतारात असलेली गावची पोरं पैसे पाठवायची. बाकी लाकूड, पाणी, कांदा, हातपाय गावाचे. कुणाला वाढायचं यावर पहिल्याच दिवशी वाद झाला. अमका या बाजूचा, तमका त्या बाजूचा. मुअतसिमनं सांगितलं, आपण एवढंच बघायचं, की भुकेला कोण आहे.

पुढं सडकेवर बंदूकवाले आले. त्यांनी सडकेवरच्या पुलावर तपासणीचं नाकं बसवलं, गावातल्या होत्या त्या मोटारी नेल्या, कोठारं झाडून नेली. रमजान तोंडावर आला तेव्हा मुअतसिमनं मामाला समोर बसवून सांगितलं, की यंदा सडकेवर चटई नाही, ताणलेलं पागोटं नाही, सगळ्यांनी अंगणात जेवायचं. येणारी गाडी कुणाची असेल सांगता येत नाही. दफअल्ला दोन दिवस भाच्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी बोलला ते एवढंच, की तुझ्या आजोबांनी इंग्रजाच्या अमलातसुद्धा चटई गुंडाळली नव्हती.

आणि रमजान अर्धाही झाला नव्हता तेव्हा मुअतसिमला उचललं. तो गाढवगाडी घेऊन पुलापलीकडच्या बाजारातून मसूर आणायला गेला होता. गाढव आणि गाडी संध्याकाळी आपापली घरी आली. मसूर नव्हता आणि गुरुजीही नव्हते. एका भाजीवालीनं पाहिलं होतं, की नाक्यावर त्याचा फोन काढून घेतला, इतकी नावं नि इतके नंबर कशाला म्हणून दरडावलं, आणि त्याला गाडीत कोंबलं. ज्याच्या फोनात फार नावं, तो त्यांच्या लेखी हेर.

दफअल्ला गाढवावर बसून नाक्यावर गेला. ते म्हणाले, असा कुणी इथं नाही. पुन्हा गेला, तेव्हा म्हणाले, परत आलास तर तुलाही ठेवून घेऊ. खोली बंद पडली नाही. मुअतसिमनं एकाचं काम दुसऱ्याला शिकवून ठेवलं होतं, त्यामुळे चूल रोज पेटत होती. सित्तनाही रोज जाऊन कांदा परतून यायची. म्हणायची, माझं नाही तर कुणाचं तरी पोर खाईल. पण घरी आली की भिंतीकडं तोंड करून बसायची. दफअल्लाला ते बघवेना. तो रोजा सोडायला सडकेवरच्या मोरीवर जाऊन बसायला लागला. तेवढाच पुलाकडचा रस्ता नजरेत राहायचा. सोबतीला तिजानी यायचा. दोघांपुरती एक चटई, दोघांपुरती एक थाळी. एवढ्याला मनाई नसावी, असं त्यानं स्वतःच ठरवून टाकलेलं.

त्या दिवशी सूर्य पार खाली आला होता आणि पश्चिमेकडून सडकेवर धुरळा उठला. उन्हाची तिरीप थेट डोळ्यात. धुरळ्यात काय आहे ते दफअल्लाला दिसेना, तिजानीला तर दिसायचा प्रश्नच नव्हता. तेवढ्यात सूर्य बुडाला आणि मशिदीतून बांग आली. बांग आणि धुरळा एकाच वेळी, मग विचार कसला करायचा. चाळीस वर्षांची सवय. दफअल्लाचा हात आपोआप डोक्याला गेला, पागोटं सुटलं, एक टोक त्यानं तिजानीकडं फेकलं आणि दोघे म्हातारे सडकेच्या दोन अंगांना जाऊन उभे राहिले. त्या वेळी त्याच्या डोक्यात लढाई नव्हती, पूल नव्हता, भाचासुद्धा नव्हता. कुणीतरी उपाशी चाललंय, एवढंच होतं.

गाडी करकचून थांबली. पाठीमागं मोठी बंदूक बसवलेली, आणि भोवती सातआठ जण दाटीवाटीनं बसलेले.

दफअल्लाची पाचावर धारण बसली. तिजानीनं मात्र अजून ओळखलं नव्हतं. त्यानं उत्साहानं विचारलं, "काय रे, बस आहे का? माणसं किती?"

एक पोरगा खाली उडी मारून बंदूक रोखत आला. कसला अडथळा हा, कुणी सांगितलं, पुढं कोण दबा धरून बसलंय, असा त्यानं प्रश्नांचा भडिमार केला. पाठोपाठ त्यांचा म्होरक्या उतरला. चाळिशीचा, तोंडाला फडकं गुंडाळलेलं. पागोट्याकडं बघत तो तसाच उभा राहिला. मग त्यानं फडकं खाली ओढलं. ओठ फुटलेले होते.

"हाजी, हे आता कशासाठी?"

दफअल्लाला दुसरं काही सुचलं नाही. "बांग झाली," तो म्हणाला. "बसा."

म्होरक्यानं मावळतीकडं पाहिलं. आपल्या माणसांकडं पाहिलं. आणि चपला काढून चटईवर बसला.

आता बसवलं खरं, पण थाळी दोघांची. खोलीच्या पातेल्यात मसूर होता, पण तो घरदार सोडून आलेल्यांचा, त्याला हात लावायचा नाही हे दफअल्लाला पक्कं ठाऊक. पाहुणा ज्याचा, ताट त्याच्या घरचं. तो लगबगीनं सित्तनाच्या घराशी गेला. तिचं कुसू सडकेला लागूनच होतं. ती कुसवाआडून सगळं बघत उभीच होती. तिनं त्याची बाही धरली.

"दादा, यांनीच माझं पोर उचललंय. विचार त्यांना."

"चटईवर बसलेत ते."

"चटई घाल चुलीत."

आमच्याकडं चटईवरच्या पाहुण्याला नावगाव विचारत नाहीत. त्याच्याकडं काही मागायचं तर लांबच. सगळं गाव हे पाळतं, पण ते पाळायचं ओझं त्या दिवशी जेवढं झालं तेवढं कधी झालं नसेल. दफअल्ला म्हणाला, "आत्ता विचारलं तर ते ताटाची किंमत मागितल्यासारखं होईल. किंमत मागितली की समोरचा घासाघीस करायला मोकळा झाला. त्यांना पोटभर खाऊ दे, सित्तना. फुकटचं खाऊ दे."

"तू आणि तुझी रीत," ती म्हणाली. "पोर गेलं ना, तर रीत पुरायला ये माझ्या अंगणात."

बाही सोडून ती आत गेली. दफअल्लाला वाटलं, आता काही ही बाहेर येत नाही. पण ती आली. ज्वारीच्या असीद्याचा वाफाळता गोळा, वर भेंडीचं कालवण, खजूर, आणि मुअतसिमसाठी आठवड्यापासून झाकून ठेवलेली हिलू-मुरची घागर. मोड आलेल्या ज्वारीचं हे आंबटगोड पेय तिच्या हातचं म्हणजे लांबून वासानं कळायचं. घागर त्याच्या हातात देताना तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पोरं जेवायला बसली. पोरंच ती. एकाला तर मिसरूडही फुटलं नव्हतं. एक जण बंदूक मांडीवर ठेवूनच खात होता. एका हातानं ती सावरायची नि एका हातानं खायचं, कालवण सगळं झग्यावर. तिजानी त्याच्याजवळच बसला होता. एव्हाना त्यालाही सगळं कळलं होतं, पण तोंड गप्प बसेल तर तो तिजानी कसला. म्हणाला, "बाबा, तिलाही एक घास दे, नाहीतर खाली ठेव. मांडीवर लेकरू घेऊन जेवणाऱ्या बाईसारखा दिसतोयस." सगळ्यांनी म्होरक्याकडं पाहिलं. मग म्होरक्याच खुदकन हसला, आणि त्या पोरानं बंदूक चटईच्या कडेला ठेवली.

दफअल्ला वाढत होता. असीदा संपला तसा पुन्हा आणला. म्होरक्याच्या पेल्यात हिलू-मुर ओतताना थोडं सांडलं. म्होरक्या म्हणाला, असलं प्यायलो नाही आई गेल्यापासून. आता तरी विचारावं, असं दफअल्लाच्या अगदी जिभेवर आलं. कुसवावर सित्तनाचं डोकं दिसत होतं. त्यानं जीभ चावली आणि विचारलं, "आणखी घालू?"

जेवणं झाली. तस्त-तांब्या घेऊन त्यानं प्रत्येकाच्या हातावर पाणी घातलं. म्होरक्यानं रीतीप्रमाणे घराला बरकत मागितली आणि उठला. माणसं गाडीकडं निघाली. तेव्हा दफअल्ला वाकला आणि त्यानं चटई गुंडाळायला घेतली. भराभर गुंडाळली, काखेत मारली, आणि गाडीचं दार गाठलं.

"चटई उचलली," तो म्हणाला. "आता तू माझा पाहुणा नाहीस, मी तुझा यजमान नाही. आता एक विचारू?"

म्होरक्या दारातच थबकला. "विचार."

"मुअतसिम माझ्या बहिणीचा मुलगा. मास्तर आहे. पुलावर धरलाय. आत्ता जेवलास ते त्याच्या आईच्या हातचं. त्याची किंमत मागत नाही. नुसतं सांग, आहे की नाही."

म्होरक्यानं तोंडावरून हात फिरवला. "तो मसूरवाला मास्तर?" गाडीतली दोन पोरं हसली. दफअल्लाला त्या हसण्याचा अर्थ लागेना.

मग म्होरक्यानं सांगितलं ते असं. धरलेली माणसं सरकीच्या जुन्या गोदामात ठेवत. गुरुजींना हेर म्हणून चौकशीला उभं केलं, तर ते उलट यांनाच विचारायला लागले, की आत माणसं किती, मसूर किती येतो, पाणी कुठून आणता, जुलाब कुणाला लागलेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी गोदामात चूल मांडून घेतली. पाण्याला दोघं, झाडायला दोघं, शिजवायला तिघं, अशा पाळ्या लावल्या. पहारेकऱ्यांचं जेवण कधी येई, कधी न येई. तेही आता त्याच पातेल्यातून खायला लागले. हेर नाही हे केव्हाच कळलं होतं.

"मग सोडत का नाही?" तिजानीनं मागून विचारलं.

"सोडला तर उद्या चूल कोण पेटवणार?"

दफअल्ला पटकन म्हणाला, "मी."

"तुला रांधता येतं?"

"नाही येत," तिजानीनंच उत्तर दिलं. "याचा चहासुद्धा करपतो."

दफअल्लानं तिजानीला डोळ्यांनी गप्प केलं. "रांधता नसेल येत. पण गाढव माझं आहे आणि रस्ता मला पाठ आहे. शिजवलेलं पातेलं रोज गोदामाच्या दाराशी आणून देईन. धरलेल्यांसाठी. तुमची पोरं खातील त्याला ना नाही, पण आधी धरलेले. गुरुजी घरी पाठव."

म्होरक्या गाडीत बसला. बघू, एवढंच म्हणाला. गाडी धुरळा उडवत गेली. जेवण घातलं म्हणून तो चांगला झाला, असं कुणी समजू नये. त्याच आठवड्यात त्याच्याच माणसांनी शेजारच्या गावातून बैल नेले. पण पोटात गेलेलं अन्न कधी कुठं काम करेल, सांगता येत नाही.

सित्तना कुसवाबाहेर आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. सडकेच्या मधोमध ती मटकन खाली बसली आणि अंगभर गुंडाळलेल्या तोबच्या पदरात तोंड खुपसून हुंदके द्यायला लागली. दफअल्ला घाबरून जवळ गेला, तर ती रडता रडता हसत होती. म्हणाली, "गोदामात चूल मांडली, दादा. चूल मांडलीय माझ्या पोरानं." जिवंत आहे, खातोय, लोकांना कामाला लावतोय. अर्धा जीव तर तिथंच भांड्यात पडला.

उरलेला अर्धा दुसऱ्या दिवशी दुपार कलताना पडला. पाटाच्या बांधावरून एक माणूस येताना दिसला. दाढी वाढलेली, एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी. ओळखलं आधी गाढवानं. त्यानं कान ताठ केले आणि असं ओरडलं, की शाळेतल्या बायका बाहेर आल्या. मग आनंदाला बायका जीभ हलवून काढतात ती लांब लकेर उठली, एकीनं दुसरीकडं पुढं नेली, आणि चुलीवरचा मसूर त्या दिवशी थोडा करपला.

सित्तनानं त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला, दाढीतून बोटं फिरवली, आणि पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. मग मिठी. दफअल्ला बाजूला गाढवाच्या गळ्यातली दोरी सोडत नि बांधत उभा होता. मुअतसिम त्याच्याकडं आला तेव्हा म्हाताऱ्यानं दोरी टाकून त्याला उराशी धरलं, आणि हे गावानं प्रथमच पाहिलं.

पाणी प्यायच्याही आधी मुअतसिमनं बायकांना जवळ बोलावलं आणि गोदामात अडकलेल्यांची नावं सांगायला लागला. लिहून आणता येत नव्हतं, दारात झडती व्हायची, म्हणून सगळं तोंडपाठ केलेलं. अमका, तमक्याचा मुलगा, त्या गावचा, बरा आहे. तमका, ताप होता, उतरला. बायका एकेक नाव झेलत होत्या आणि त्या त्या गावच्या माणसाकडं पोचवायला निघत होत्या. दोन नावं शाळेतच राहणाऱ्यांची निघाली. त्या वर्गांतून पुन्हा लकेर उठली. मग कुठं गुरुजी जेवायला बसले, आणि जेवता जेवता बसल्या जागी झोपले.

आणि दफअल्ला? त्याला कबूल केलेलं काम होतं. खोलीनं एक पातेलं जास्त चढवलं. त्यावर वाद झाला नाही, भुकेलेच होते ते. त्यानं पातेलं गोणपाटात गुंडाळून गाढवगाडीत ठेवलं, तिजानीला चढवलं, आणि पुलाकडं निघाला. आता नाक्याची भीती वाटत नव्हती असं नाही. वाटत होती. पण छातीवरचा धोंडा उतरलेला, त्यामुळे गाडीही हलकी चालल्यासारखी वाटत होती, आणि वाटभर त्यानं तिजानीला त्या वऱ्हाडाची गोष्ट पुन्हा सांगितली, जी तिजानीनं स्वतः पागोट्याचं दुसरं टोक धरून पाहिली होती.

गोदामाच्या दाराशी पहारेकरी पोरानं झाकण उचलून आत पाहिलं.

"मसूरच?"

"मसूरच."

"उद्या?"

"उद्याही मसूर," दफअल्ला म्हणाला. "घे, आधी आत ने. गरम आहे."